सुस्थितीतले पाच ढापे

तीस वर्षं मी रोह्याच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, खोट काढणं चालूच राहिलं. वरसेला आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचं झाकण, पंपाची वेळ, पार्किंगच्या रेघा, सगळ्याची नोंद माझ्या वहीत असे. लोक मला लांबून पाहिलं की मोबाइल कानाला लावायचे. पुढे पेणला माझी मोठी बहीण पडली आणि तिच्याजवळ राहायला म्हणून मी फ्लॅटला कुलूप लावलं, तेव्हा सोसायटीने मला शाल दिली. इतक्या तातडीने मंजूर झालेली शाल मी दुसरी पाहिली नाही.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. पेणच्या कडेला एका अरुंद आळीत तिचं घर आहे आणि त्याच आळीच्या दुसऱ्या टोकाला गणपतीचा कारखाना. अठराव्या वर्षापासून आक्का त्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करत होती. मूर्तीचं बाकी सगळं रंगकाम झालं की शेवटी डोळे काढतात, आणि ते काम कुणाच्याही हातात देत नाहीत. नवरा गेला, मुलगी सासरी गेली, तरी सकाळी नऊला आक्का आपल्या स्टुलावर असायचीच. गेल्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यातून परतताना गटारावरचा ढापा तिच्या पायाखाली फुटला. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि आक्काचं जग उंबऱ्याच्या आतल्या एका खुर्चीएवढं झालं.

आमच्या आळीत रिक्षा शिरत नाही. चालायची वाट म्हणजे गटारावरचे ढापेच. घरापासून कारखान्यापर्यंत पाच ढापे फुटलेले होते. दोन मधोमध, तीन कडेला. धडधाकट माणूस उडी मारून जायचा, वॉकरला उडी मारता येत नाही. आषाढ संपायच्या आत डोळे उरकायचे असतात, म्हणजे त्याआधी आक्काला कारखान्यात पोचवायचं होतं. ढापे झाले की आक्का येईल, असं आळीत जो तो म्हणत होता. मीही म्हणत होतो.

कारखान्याच्या मालकांची तर झोप उडाली होती. त्यांनी बाहेरगावचा एक कलाकार ठेवून पाहिला. त्याचा हात स्वच्छ होता, पण त्याने काढलेला प्रत्येक गणपती आपल्याकडे अशा नजरेने बघायचा, जणू आपण न विचारता आत आलो आहोत. एका गिऱ्हाइकाने मूर्ती हातात घेतली आणि दबकत विचारलं, की बाप्पाला काही कळवलं नव्हतं का? मग मालकांनी मूर्ती आक्काच्या घरी आणून द्यायची तयारी दाखवली. आक्का म्हणाली, डोळे चार माणसांत बसून काढायचे असतात. मी म्हटलं, खुर्चीसकट उचलून नेतो. त्यावर ती म्हणाली, "मी काय मूर्ती हाय, उचलून न्यायला?"

तेव्हा ढापे हाच एक मार्ग उरला. मी अर्ज करायला सुरुवात केली. कुठल्या कचेरीत, ते लिहीत नाही. तिथली माणसं स्वभावाने चांगली आहेत आणि आम्हाला अजून तिथंच जावं लागतं. पहिल्या अर्जाला उत्तर आलं, की आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे. दुसऱ्याला आलं, की आपला पहिला अर्ज पाठवल्याचे आपणांस कळवण्यात आले आहे. तिसऱ्याला आलं, की सदर ठिकाणी कोणताही ढापा फुटलेला असल्याची नोंद कार्यालयात आढळून येत नाही. हे उत्तर मला मनातून पटलं, हेच वाईट. नोंद नाही तर खोट नाही, असं मीही कंपनीत कितीदा तरी म्हटलं होतं.

इथं बाई आल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. कारखान्याच्या मालकांसकट अर्धी आळी त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि उरलेली अर्धी त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची पोरं. त्यांनी पेपरात वाचलं होतं, की काही शहरांत लोक स्वतःच गावाची पाहणी करतात, पाणी, कचरा, रस्ते यांना मार्क देतात आणि निकाल चौकात लावतात. परीक्षा आणि निकाल हे दोन शब्द वाचल्यावर बाईंना राहवणं शक्यच नव्हतं. त्यांनी समिती काढली. त्यात त्या स्वतः, मी, कारखान्याचे मालक आणि डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जाणारा एक शेजारी, जो सेकंड शिफ्ट नसली की यायचा आणि आल्याबरोबर भिंतीला टेकून झोपायचा. बैठक दर बुधवारी संध्याकाळी कारखान्यात, न रंगवलेल्या पांढऱ्या गणपतींच्या रांगांमध्ये. ठरावाला अनुमोदन द्यायला माणसं कमी पडायची, पण सभागृह भरलेलं असायचं.

फॉर्म मी तयार केला. तीस प्रश्न. नळाला पाणी किती वेळ येतं, घंटागाडी किती वाजता येते, दिव्याच्या खांबावर दिवा आहे का, असल्यास लागतो का, लागत असल्यास रात्री लागतो का. शेवटी एक मोकळी जागा सोडली होती: आणखी काही अडचण. पंधरा दिवस आम्ही घरोघर हिंडलो आणि मला आळीची नव्याने ओळख झाली.

पहिल्या घरी विचारलं, पाणी किती वेळ येतं? सून म्हणाली, भरपूर. तेवढ्यात आतून तिची सासू ओरडली, की हंडा अर्धा झाला नि गेलं गो पाणी. ती शांतपणे म्हणाली, भरपूर लिहा. पाहुण्यासमोर घरातलं उणं काढायचं नाही, ही रीत ती नळालाही लावत होती. पुढच्या घरात उलटं. त्यांना वाटलं ही काहीतरी योजना आहे आणि जो जास्त रडेल त्याचं नाव आधी लागेल. त्यांच्याकडे पाणी नाही, वीज नाही, घंटागाडी तर जन्मात पाहिली नाही. हे सगळं चालू असताना पंखा फिरत होता आणि दारात घंटागाडी उभी राहून घंटा वाजवत होती. घरच्यांनी आणि मी, दोघांनीही तिच्याकडे न बघितल्यासारखं केलं.

खरी पंचाईत मार्कांची झाली. शंभरपैकी किती द्याल, असं विचारलं की लोक एकदम हळवे व्हायचे. गटाराची दुर्गंधी दारात, आणि माणूस म्हणतो, पस्तीस द्या, पास करा बिचाऱ्यांना. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही तर म्हणता काहीच काम होत नाही. आजोबा म्हणाले, "नापास करून काय मिलवणार? परत त्याच वर्गात बसतील, नि आपल्याच डोक्यावर." सगळ्या आळीचे मार्क पस्तीस ते अडतीसच्या मधे आले. बाईंनी उभ्या हयातीत कुणाला ग्रेस मार्क दिले नव्हते. त्या रात्री जेवल्या नाहीत, असं त्यांच्या सुनेने सांगितलं.

तरीही निकालाचा फलक आम्ही लावलाच, आणि आश्चर्य म्हणजे त्याचा उपयोग झाला. पस्तीस मार्क म्हणजे आपण पास झालो, या आनंदात कचेरीतल्या अभियंता साहेबांनी संयुक्त पाहणीला होकार दिला. शनिवारी सकाळी अकरा वाजता ते स्वतः येऊन पाच ढापे बघणार, आणि जे दिसेल ते नोंदवहीत लिहिणार. नोंद होणार म्हटल्यावर माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. आक्काला मी सांगितलं, आता महिनाभरात तू तुझ्या स्टुलावर. ती हसली आणि शेंगा सोलत राहिली.

शुक्रवारी खास बैठक घेऊन कामं वाटून घेतली. बाईंनी फाइल आणायची, मी टेप आणायची, आणि फुटके ढापे साहेबांना लांबून ओळखू यावेत म्हणून मालकांनी त्यांच्याभोवती लाल रंगाने खूण करून ठेवायची. हे काम एका मूर्तिकाराला देणं ही आमची चूक. पण ती त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आली नाही.

शनिवारी मी जाऊन बघतो तर ढापे नव्हतेच फुटलेले. पाचही अखंड, गुळगुळीत, सिमेंटच्या रंगाचे. मी टेप हातात धरून तसाच उभा. मालक शेजारी हात मागे बांधून समाधानाने बघत होते. पहाटे उठून त्यांनी भोकांवर गोणपाट ताणलं होतं, काथ्या आणि प्लास्टर भरलं होतं, पॉलिश पेपरने घासून वर राखी रंग मारला होता. स्प्रे गनने कडेला शेडिंगसुद्धा दिलं होतं. मी म्हटलं, अहो, हे काय केलंत? ते म्हणाले, "साहेब बघायला येणार नि आपण फुटकं दाखवायचं? बरं दिसतं का ते?"

त्यांचं तरी काय चुकलं? गिऱ्हाईक येणार म्हटलं की मूर्तीवरची बारीकशी चीरसुद्धा आधी बुजवायची, हे त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या चालू आहे. चीर दिसली की त्यांचा हात आपोआप प्लास्टरच्या घमेल्यात जातो. खूण करायला म्हणून ते वाकले असतील, आणि मग त्यांना राहवलं नसेल. पण मला तेव्हा हे काही सुचलं नाही. मी त्यांच्यावर असा ओरडलो, की डोलवीचा शेजारी नाइट करून झोपला होता तो उठून बाहेर आला.

सगळं उखडून टाकायला वेळ नव्हता. साहेब आले. बरोबर एक शिपाई, त्याच्या काखेत नोंदवही आणि हातात काठी. साहेबांनी पहिला ढापा पाहिला, दुसरा पाहिला. माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या ढाप्यापाशी ते वाकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसू लागलं. इतकं चांगलं काम आपल्या कचेरीने कधी केलं, हे त्यांनाही आठवत नव्हतं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण बाई, मालक आणि मी एकाच वेळी बोलू लागलो आणि त्यातून कुणालाच काही कळलं नाही. साहेबांनी वहीत लिहायला सांगितलं: पाचही ढापे सुस्थितीत. शिपायाने लिहिलं. मग साहेब खुशीत निघाले आणि आक्काच्या दारासमोरच्या ढाप्यावर त्यांनी पाय उचलला.

"साहेब, पाय नका ठेवू," आक्का आतून म्हणाली. "ते प्लास्टर हाय. गणपतीचं."

साहेबांचा पाय तसाच वर राहिला. खुर्चीतून न उठता, बारा हातांवरून, तिने शेडिंग ओळखलं होतं. साहेबांनी पाय मागे घेतला, शिपायाला खूण केली. शिपायाने काठीचं टोक हलकेच टेकवलं आणि काठी गटारात हातभर आत गेली. साहेबांच्या डोळ्यांसमोर त्या काठीच्या जागी त्यांचा स्वतःचा पाय असावा, कारण ते एकदम घामाघूम झाले. मग त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? मालकांनी हात वर केला. शाबासकीच मिळणार, अशा चेहऱ्याने केला.

आठ दिवसांनी नोटीस आली, मालकांच्या आणि माझ्या नावाने. कार्यालयाच्या मालकीच्या पाच फुटलेल्या ढाप्यांवर आपण विनापरवाना प्लास्टरचे काम करून दिशाभूल केली आहे, तरी आपणांवर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. मालकांनी अंथरूण धरलं. कारखान्याच्या नावावर तीन पिढ्यांत कधी कागद आला नव्हता. आणि मला खरं सांगायचं तर भीती वाटली नाही, लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांना मेमो काढले, आणि आता म्हातारपणी आपल्यालाच मेमो.

बाईंनी मात्र नोटीस तीनदा वाचली आणि लाल पेनाने एका शब्दाखाली रेघ ओढली. फुटलेल्या. कचेरीच्या शिक्क्यानिशी, जावक क्रमांकासह, पहिल्यांदाच कबुली आली होती की ढापे फुटलेले आहेत. बाईंनी खुलासा लिहिला. आम्हांला आमची चूक मान्य आहे, आमचं बेकायदा काम आम्ही स्वखर्चाने काढून टाकलं आहे, आता कार्यालयाने आपले फुटलेले ढापे आपल्या जागी नीट करून घ्यावेत, सोबत आपलीच नोटीस जोडली आहे. हस्ताक्षर इतकं सुंदर, की कचेरीत ते कागद म्हणे टेबलाटेबलावर फिरवून बघितले. ज्येष्ठ अर्धा झाला तेव्हा टेम्पोतून पाच नवे ढापे आले. सिमेंटचे, खरे. आजोबा त्यावर चालून बघून आले आणि म्हणाले, आता चाळीस द्यायला हरकत नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेव्हल घेऊन पाचही ढापे तपासले. एकही हालत नव्हता. दारात बाई आलेल्या, दोनचार शेजारणी आलेल्या, मालकांनी स्टूल पुसून ठेवल्याचा निरोप पाठवलेला. आक्का इस्त्रीचं पातळ नेसून खुर्चीत बसली होती. मी वॉकर पुढे केला. ती म्हणाली, चहा घेऊ. चहा झाला. म्हणाली, गुडघा जरा धरलाय. मग म्हणाली, आज मंगळवार नाय ना? मंगळवारी, बाप्पाच्या वारी गेलेलं बरं. गुरुवार होता.

मग माझं डोकं फिरलं. बाईंनी लोकांना आपापल्या घरी पाठवलं, हे बरं झालं. मी आक्काला नको नको ते बोललो. तुझ्यासाठी मी तीन अर्ज केले, तुझ्यासाठी मालकांना नोटीस आली, सगळी आळी तुझ्यासाठी उन्हात उभी राहिली आणि तू मंगळवार काढतेस. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आळीत सगल्यांकडं फॉर्म घेऊन गेलास," ती म्हणाली. "माझ्याकडं नाय आलास."

मी म्हटलं, तू तर घरातली. ती म्हणाली, म्हणून काय झालं? घरातलीला काय विचारायचं, तिचं सगळं आपल्याला ठाऊकच असतं, या हिशोबाने मी आठ महिने धावत होतो. रागातच मी आत गेलो, एक कोरा फॉर्म आणला आणि तिच्यासमोर पाटावर बसलो. पाणी किती वेळ येतं? तिने सांगितलं. घंटागाडी? तिने सांगितलं, गाडीवाल्याच्या बायकोच्या बाळंतपणासकट सांगितलं. दिवा, औषधफवारणी, मोकाट कुत्री. तीसच्या तीस प्रश्न झाले. मला हसू यायला लागलं होतं आणि तिलाही. मग मी शेवटचं वाचलं, आणखी काही अडचण?

ती थांबली. उजवा हात मांडीवर उलटा ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

"भीती वाटते," ती म्हणाली. "पडले तेव्हा हाच हात टेकला होता. हिथं बसलेय तवर सगले म्हणतात, आक्का आली की डोले होतील. तिथं गेले नि रेघ नाय आली, मग?"

मी लिहून घेतलं. जसं बोलली तसंच लिहिलं, कारण दुसरं काही करायला सुचत नव्हतं. तू काढशील गं, असं म्हणणार होतो, पण मला ते माहीत नव्हतं. इतके दिवस ती ढाप्यांआड बसली होती आणि मी एकेक ढापा काढून टाकत होतो.

"हे कुठं पाठवणार?" तिने विचारलं. मी म्हटलं, कुठंच नाही. तिने कागद माझ्या हातातून घेतला, एकदा वाचला, घडी करून कनवटीला लावला आणि वॉकरला हात घातला.

पाच ढापे पार करायला आम्हांला अर्धा तास लागला. मी मागे, मधे मधे सूचना करत. तिने दोनदा गप्प बसायला सांगितलं. कारखान्यात सगळे उठून उभे राहिले. ती स्टुलावर बसली, श्वास खाली बसू दिला आणि म्हणाली, सगल्यांनी आपापली कामं बघा. कुणाला कामच सुचत नव्हतं, म्हणून सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रंगारी, मालक, मालकांची आई, मी. मालकांनी एक लहान मूर्ती तिच्यासमोर ठेवली आणि तेही येऊन माझ्या शेजारी भिंतीकडे बघू लागले. बराच वेळ ब्रश पाण्यात हालल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

"डावा डोला हालला," आक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पुसून घे हा. नि दुसरा आण."

मालक दुसरी मूर्ती आणायला धावले. मी भिंतीकडेच तोंड करून उभा राहिलो, कारण मला रडू येत होतं.